खबरदारी घ्या, म्हणजे नेमकं काय करा?

आमच्या बँकेत पासबुक भरायच्या यंत्रासमोर कायम रांग असते, आणि रांगेत उभं राहिलं की नजर जिथे जाते बरोबर तिथेच ते पोस्टर लावलेलं आहे. 'सायबर फसवणुकीपासून सावध राहा.' खाली बारीक अक्षरांत सूचना. अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. संकेतस्थळाचा पत्ता नीट तपासा. स्पेलिंग बारकाईने पाहा. कुलपाचं चिन्ह असल्याची खात्री करा. लिंक उघडण्यापूर्वी तिच्यावर माउस नेऊन ती कुठे जाते ते बघा. फक्त अधिकृत संकेतस्थळच वापरा.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण माझ्या पुढेमागे पेन्शनीसाठी आलेले आजोबा असतात, बचत गटाचे पैसे भरायला आलेल्या बायका असतात, दुकान नोकरावर सोडून आलेला किराणावाला असतो. यांच्यापैकी कुणाला घरी गेल्यावर या सूचना खरोखर पाळता येतील, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवते आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्यात या माणसांचा दोष नाही. सूचना लिहिणाऱ्याने त्या कुणासाठी लिहितोय हे बघितलंच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

माउसचंच घ्या. रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत मोबाइल आहे, आणि घरी बहुतेकांकडे संगणक नाही. मोबाइलवर लिंक न उघडता बघायची तर तिच्यावर बोट दाबून धरावं लागतं. जरा कमी दाबलं गेलं तर लिंक उघडते. ज्या गोष्टीला हात लावू नका म्हणून सांगायचं, तिच्यावरच बोट दाबून धरायला लावायचं, हा सल्ला थरथरत्या हाताच्या माणसाला देण्यासारखा नाही.

कुलपाची गोष्ट तर याहून गंभीर. पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या मोबाइलपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारा मजकूर मधल्या मध्ये कुणाला वाचता येणार नाही. संकेतस्थळ चालवणारा सज्जन आहे की लुटारू, याबद्दल ते कुलूप काहीही सांगत नाही. पूर्वी त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागायचं. २०१५च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट'ने ते सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. इंटरनेटसाठी ही फार चांगली गोष्ट झाली, पण भामट्यांनाही ते तितक्याच सहज मिळू लागलं. लोक कुलपाचा अर्थ 'हे संकेतस्थळ विश्वासू आहे' असा घेतात, हे गुगलच्याही लक्षात आलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून तिथे दुसरंच चिन्ह आणलं. पोस्टरवर कुलूप अजून आहे. म्हणजे ज्यांच्या मोबाइलवर आता कुलूप दिसत नाही ते खऱ्या संकेतस्थळावर घाबरतील, आणि ज्यांना दिसतं ते खोट्यावर निर्धास्त होतील. जुना सल्ला निरुपयोगी होऊन पडून राहत नाही, तो घात करतो.

आता स्पेलिंग.

गेल्या वर्षी, २०२५च्या सप्टेंबरात, लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या बायकांनी संकेतस्थळावर जायचं, स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा ओटीपी. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी एका सकाळी हात पुसून मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, यातली आपली कुठली?" व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन लिंका आल्या होत्या. एक बचत गटाच्या ग्रुपवर, एक भाच्याकडून, एक ओळखपाळख नसलेल्या नंबरवरून. तिन्हींच्या वर साधारण एकच मजकूर: ई-केवायसी सुरू झाली, लगेच करा, नाहीतर हप्ता बंद.

सरकारी पत्ता 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. त्यातली 'लाडकी' इंग्रजी अक्षरांत एल-ए-डी-ए-के-आय अशी लिहिली आहे. इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र या योजनेचं नाव छापताना मधला 'ए' गाळतात. तेव्हा स्पेलिंग बारकाईने पाहणाऱ्या माणसाला खरा पत्ताच चुकीचा वाटण्याची शक्यता जास्त, आणि एखाद्या भामट्याने वर्तमानपत्री स्पेलिंग घेतलं तर तेच बरोबर वाटणार. मुळात मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचा ठरलेला नियमच नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात आधारवर एक आडनाव, पॅनवर दुसरं आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरं असतं, आणि ते जुळवण्यासाठी आपण प्रतिज्ञापत्रं करून थकलेले असतो. अशा समाजाला 'एखादं अक्षर वेगळं आहे का ते पाहा' असं सांगून काय उपयोग? वेगळं कशापेक्षा, हे आधी माहीत असायला हवं.

त्या तीन लिंकांमधली एक खरी निघाली. मावशी ती उघडायला बसल्या तेव्हा संकेतस्थळावर इतका ताण होता की पान पुढे सरकेना, ओटीपी येईना. असा अनुभव त्या काळात राज्यभर बायकांना येत होता. कित्येकजणी मध्यरात्री उठून प्रयत्न करत होत्या. शेवटी मावशी चौकातल्या सेवा केंद्रावर गेल्या. मीही बरोबर गेले. तिथे टेबलाशी बसलेला मुलगा सभ्य होता, भराभर काम उरकत होता. "ओटीपी सांगा" असं तो म्हणायचा आणि समोरची बाई सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवायची. भिंतीवर सूचना होती: ओटीपी कुणालाही सांगू नका. सगळ्यांनी सांगितला, कारण न सांगून काम होणारच नव्हतं. हे बघताना मला खूप वाईट वाटलं. सरकारने योजनेची रचनाच अशी केली, की सरकारचाच सर्वात महत्त्वाचा नियम मोडल्याशिवाय हप्ता चालू राहत नाही. आणि ही सवय एकदा अंगवळणी पडली की उद्या फोनवर कुणी तितक्याच सभ्यपणे "ओटीपी सांगा" म्हणेल तेव्हा ती बाई का थांबेल?

'फक्त अधिकृत संकेतस्थळ वापरा' या वाक्याचंही तेच. अधिकृत म्हणजे जीओव्ही डॉट इनवर संपणारं, असं शिकवलं जातं आणि ते चांगलं शिकवणं आहे. पण मग उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं आठवा. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या राज्यातल्या सगळ्या गाड्यांना त्या पाट्या बसवायच्या होत्या. राज्याचे तीन विभाग केले, प्रत्येकाला वेगळा ठेकेदार नेमला आणि प्रत्येकाचं नोंदणीचं संकेतस्थळ वेगळं. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून दुवा होता खरा, पण जिथे पैसे भरायचे तो पत्ता एका विभागात 'एचएसआरपीएमएचझोन२ डॉट इन', दुसरीकडे 'महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम'. तिन्हींतलं एकही जीओव्ही डॉट इनवर संपत नव्हतं. हे पत्ते खरे आहेत, सरकारनेच दिलेले आहेत. पण सरकारच्याच सूचना हातात घेऊन तपासले तर तिन्ही नापास होतात. मग त्याच विषयाची बनावट संकेतस्थळं उभी राहिली, विभागाला इशारे द्यावे लागले, आणि इशाऱ्यात पुन्हा तेच: अधिकृत संकेतस्थळाचाच वापर करा. माझ्या भावाने तेव्हा वैतागून विचारलं होतं, "अगं, खरंच इतकं खोट्यासारखं दिसत असेल तर ओळखायचं कसं?" त्याला मी उत्तर देऊ शकले नाही, कारण उत्तर नव्हतंच.

पत्ता वाचायचा कसा, हे मात्र शिकवता येतं, आणि ते कुठल्याच पोस्टरवर मी पाहिलेलं नाही. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, शेवटी जिल्हा. पाकीट कुठल्या जिल्ह्यात जाणार हे शेवटची ओळ ठरवते. वर तुम्ही 'शनिवारवाडा' लिहिलंत म्हणून ते पुण्याला जात नाही. संकेतस्थळाचंही तसंच. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. सुरुवातीला बँकेचं नाव, सरकारचं नाव, काहीही लिहिता येतं. मालक कोण ते शेवट सांगतो. २०२३मध्ये वाहतूक दंडाच्या नावाखाली जे खोटे मेसेज फिरले, त्यांतल्या एका पत्त्यात 'ईचलान डॉट परिवहन डॉट इन' असं होतं. खऱ्यात 'परिवहन'नंतर 'जीओव्ही' आहे. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. बरं, महाराष्ट्रातल्या वाहतूक पोलिसांचा पत्ता त्याहून निराळा, 'महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन'. दोन्ही खरे.

मी हे मावशींना, भावाला, आईला शिकवलं. आईला जमलं. पण मोबाइलच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता मावत नाही, बारीक अक्षरांचा इंग्रजी मजकूर चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि दिवसाला येणाऱ्या मेसेजांपैकी प्रत्येकावर ही तपासणी कोण करणार? जाणकारांनाही ते जमत नाही. २००६मध्ये हार्वर्ड आणि बर्कली इथल्या तीन संशोधकांनी २२ जणांना बोलावून वीस संकेतस्थळं दाखवली आणि खरी-खोटी ओळखायला सांगितली. हे लोक विद्यापीठातले होते, आणि काहीतरी खोटं दाखवलं जाणार हे त्यांना आधीच माहीत होतं. तरी त्यांतल्या सर्वांत बेमालूम बनावट संकेतस्थळाने ९० टक्के लोकांना फसवलं. जवळजवळ पाव लोकांनी पत्त्याच्या पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही, पानावरचा मजकूर आणि दिसणं यावरूनच ठरवलं. हे कळून इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून बचत गटाच्या बाईला पत्ता तपास म्हणून सांगतो आहोत.

मग हे सल्ले का टिकून आहेत? मला यामागे एक कारण दिसतं आणि ते पैशांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने असं ठरवून दिलं, की बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकारे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काहीच भुर्दंड नाही. पण ग्राहकाने स्वतःची गोपनीय माहिती दिली असेल तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. खोट्या पानावर माहिती भरणारा माणूस नेमका या दुसऱ्या खणात जाऊन पडतो. तेव्हा भिंतीवरच्या पोस्टरचा अर्थ बदलतो. 'आम्ही तर सांगितलं होतं' असं म्हणायला ते उपयोगी पडतं. फसलेला माणूस शाखेत येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न "लिंकवर क्लिक का केलंत?" हाच विचारला जातो, हे मी रांगेत उभी असताना ऐकलं आहे. साठी उलटलेला तो गृहस्थ खाली मान घालून उभा होता. त्याला कुणीतरी आधी खुर्ची द्यायला हवी होती, आणि सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावून द्यायला हवा होता.

१९३०बद्दल जरा थांबून लिहिते, कारण सगळ्या सूचनांमध्ये खरोखर कामाची हीच एक आहे आणि ती बहुधा सर्वांत खाली असते. पैसे गेल्याचं कळताच या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते पुढे काढले जाण्याआधी गोठवता येतात. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फार वेगाने फिरवतात, म्हणून पहिला तास मोलाचा. आधी हा क्रमांक १५५२६० होता. २०२२मध्ये बदलून १९३० झाला. फसू नका हे सांगायला पोस्टरभर जागा आणि फसल्यावर काय करा याला एक ओळ, हे प्रमाण उलटं हवं. कारण फसणं होणारच आहे. २०२५मध्ये फोन लावला की पलीकडची घंटी वाजण्याआधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सावधगिरीची धून लागायची. सदिच्छेने केलेलं काम होतं, पण दवाखान्यात फोन लावणाऱ्यालाही ती ऐकत थांबावं लागायचं. जूनमध्ये ती बंद झाली. त्यातून किती जण सावध झाले ते सांगता येणार नाही, पण रोज ऐकून ऐकून ती सूचना लोकांच्या कानांवरून जायला लागली होती, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं.

सल्ला ग्राहकाला न देता संस्थेला दिला तर काय होतं, याचं उदाहरण सिंगापूरमध्ये आहे. २०२१च्या डिसेंबरात तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस आले. खऱ्या मेसेजांच्या रांगेत, त्याच नावाखाली. ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापुरी डॉलर गेले. लोकांना अधिक जागरूक व्हायला सांगणं सोपं होतं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने जानेवारी २०२२मध्ये बँकांनाच सांगितलं, की ग्राहकांना पाठवायच्या ईमेल आणि एसएमएसमधून लिंका काढून टाका, दोन आठवड्यांत. नव्या मोबाइलवर व्यवहाराची परवानगी सुरू होण्याआधी किमान १२ तास जाऊ द्या. त्या ग्राहकांना बँकेने पूर्ण रक्कम भरून दिली. यानंतर तिथल्या आजीला लक्षात ठेवायला एकच वाक्य उरलं: बँकेच्या मेसेजात लिंक असेल तर तो बँकेचा नाही. हे वाक्य कुठल्याही वयात, कुठल्याही भाषेत, चष्म्याशिवाय पाळता येतं.

आपल्याकडेही असं काही घडू लागलंय आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. १ ऑक्टोबर २०२४पासून एसएमएसमधली लिंक आधी नोंदवलेली नसेल तर दूरसंचार कंपन्यांनी तो मेसेजच अडवायचा, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. यात ग्राहकाने काहीच करायचं नाही, हेच त्यातलं मोठेपण. (व्हॉट्सअ‍ॅपला हा नियम नाही, आणि मावशींच्या तिन्ही लिंका तिथेच आल्या होत्या.) रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्या बँकांनी, अगदी नागरी सहकारी बँकांनीही, तिथे यावं असं सांगितलं. हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेकडूनच तो मिळतो, म्हणजे बँक नसलेल्या कुणालाही तो घेता येत नाही. त्याआधी देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचेच पत्ते बघा: एसबीआय डॉट सीओ डॉट इन, ऑनलाइनएसबीआय डॉट कॉम, मग ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय, बँक डॉट एसबीआय, आणि आता एसबीआय डॉट बँक डॉट इन. सगळे खरे. इतक्या पत्त्यांमधून खरा ओळखायची जबाबदारी इतकी वर्षं ग्राहकावर होती.

गावोगावच्या पतसंस्थांना मात्र हा पत्ता मिळणार नाही, कारण त्या बँका नव्हेत. आपल्या राज्यात कष्टाच्या पैशांचा केवढा तरी भाग पतसंस्थांमध्ये आहे. त्यांच्यासाठी सहकार खात्याने काहीतरी करायला हवं.

महावितरणचं एक उदाहरण मला आवडतं. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असे मेसेज फिरायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं, की आमचे मेसेज व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल, एएम-एमएसईडीसीएल, जेएम-एमएसईडीसीएल अशा नावांनी येतात. हे चार प्रकार कुणाच्या लक्षात राहणार? पण त्याच पत्रकात दुसरं वाक्य होतं: वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही ग्राहकाला मेसेज पाठवत नाही. हे माझ्या आईच्या लक्षात राहिलं. दहा आकडी नंबरवरून वीज तोडायचा मेसेज आला, की ती तो तिथल्या तिथे पुसून टाकते. असा सल्ला द्यायला संस्थेला आधी स्वतःला शिस्त लावून घ्यावी लागते. आपण असं कधीच करणार नाही, हे ठरवावं लागतं आणि पाळावं लागतं. माझ्या बँकेकडून, केवायसी नव्याने करा म्हणून, आखूड केलेली लिंक असलेला मेसेज अजून येतो. तो खरा असतो, मी शाखेत जाऊन विचारून घेतलं आहे.

तेव्हाच मी शाखाधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, हे पोस्टर काढून दुसरं लावता का? मी मजकूर लिहून देते." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पटतंय मला. पण पोस्टर हेड ऑफिसकडून येतं, आम्हाला बदलता येत नाही." म्हणून अर्ज हेड ऑफिसला पाठवला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. ग्राहकांना जाणाऱ्या एकाही मेसेजात लिंक नको. पोस्टरवर बँकेचा पूर्ण पत्ता मोठ्या मराठी आणि इंग्रजी अक्षरांत हवा, आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत १९३०. आणि फसलेला ग्राहक शाखेत आला की आधी त्याची तक्रार नोंदवून घ्यायची, लिंक का उघडली ते नंतर विचारायचं. अर्जावर रांगेतल्या चाळीसएक जणांच्या सह्या आहेत. दोघा आजोबांनी अंगठा दिला. पोचपावती आली आहे, उत्तर यायचं आहे.